खांद्याच्या दुखण्यातील उद्दिष्टवाक्ये

खांद्याच्या दुखण्याने त्रस्त झालेला मनुष्य उपचारासाठी जातो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकच वाक्य असते : "खांदा बरा व्हावा." उपचार करणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या वहीत त्याच दिवशी निराळे वाक्य लिहिले जाते : "हात पुढून वर नेण्याची मर्यादा ९० अंश, ती १५० अंशांपर्यंत न्यावयाची." दोन्ही वाक्ये एकाच सांध्याविषयी आहेत आणि दोन्ही आपापल्या परीने रास्त आहेत. तथापि पहिल्या वाक्यावरून प्रगती मोजता येत नाही, आणि दुसऱ्यावरून त्या प्रगतीचा रुग्णास कोणता उपयोग हे कळत नाही. उपचार महिनोन्‌महिने चालावयाचा असेल, तर या दोहोंच्या दरम्यान तिसऱ्या एका वाक्याची आवश्यकता भासते. त्यास येथे 'उद्दिष्टवाक्य' म्हटले आहे. अशा वाक्याची रचना कशी असावी, आणि मराठीतील कोणती व्याकरणिक साधने त्याच्या उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल खांदा आखडण्याचा विकार घेतला आहे. कारण त्यात काळ दीर्घ, प्रगती मंद आणि निराशेचे प्रसंग पुष्कळ असतात.

१. विकार आणि त्याची नावे

खांदा आखडण्याच्या विकारात सांध्याभोवतालच्या वेष्टनास, म्हणजे संधिकोषास, प्रथम दाह होतो. पुढे तो जाड होऊन आक्रसतो. परिणामी हात सर्वच दिशांना कमी फिरतो, आणि कोपर बरगडीशी ठेवून पुढचा हात बाहेरच्या बाजूस फिरविण्याची हालचाल विशेषच खुंटते. रुग्णाने स्वतः हात उचलला काय किंवा दुसऱ्याने धरून उचलला काय, तो ठराविक मर्यादेपुढे जात नाही, हे याचे महत्त्वाचे लक्षण होय. स्नायूची दोरी तुटल्यामुळे हात उचलता येत नसेल, तर दुसऱ्याने धरून उचलल्यास तो पुष्कळदा वर जातो. हा विकार बहुतांशी चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि मधुमेह असलेल्यांत विशेष प्रमाणात आढळतो.

याच्या नावांचा इतिहास उद्‌बोधक आहे. फ्रेंच शल्यवैद्य द्युप्ले यांनी १८७२ मध्ये सांध्याभोवतीच्या दाहावरून त्यास नाव दिले. अमेरिकन शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात 'फ्रोझन शोल्डर' ही संज्ञा वापरली. तीत दाहाचा उल्लेख नसून हालचाल थिजल्याचा आहे. १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी संधिकोषाच्या विकृतीवरून 'अॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस' असे नाव सुचविले. जपानी बोलण्यात याच प्रकारच्या दुखण्यास 'गोजूकाता', म्हणजे 'पन्नाशीचा खांदा', म्हणतात. तेथे वयावरून ओळख पटते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'अवबाहुक' येतो. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील बंधने सुकवितो आणि शिरा आखडवितो, अशी त्याची उपपत्ती सांगितली आहे. बोली मराठीत मात्र नामापेक्षा क्रियापदच पुढे येते : खांदा 'आखडला', 'धरला', 'जखडला', हात 'वर जात नाही'. विकारास विशिष्ट नाव नसले, तरी त्याने काय अडले हे मराठी बोलणारा नेमके सांगतो. उद्दिष्टवाक्याची सामग्री या क्रियापदांतच आहे.

२. अंश आणि काम

हालचाल कोनमापकाने मोजली जाते. निरोगी खांद्यात हात पुढून वर नेण्याची मर्यादा पाठ्यपुस्तकांत १८० अंश धरतात. हे मापन आवश्यकच आहे; त्यावाचून आजची स्थिती आणि महिन्यानंतरची स्थिती यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु अंश आणि काम यांचा संबंध सरळ नाही. शेफर, टिबोने आणि कर्लन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेवाचून उपचार झालेले ६२ रुग्ण सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांपैकी ५० टक्क्यांना काही ना काही सौम्य दुखणे किंवा ताठरपणा शिल्लक होता, आणि ६० टक्क्यांच्या हालचालीत मोजता येईल अशी उणीव होती. मात्र कामात अडचण येते असे सांगणारे केवळ ११ टक्के होते, आणि तीही अडचण सौम्यच होती. कोनमापकाच्या भाषेत यांतील पुष्कळ जण बरे झाले नव्हते. स्वतःच्या भाषेत बहुतेक जण बरे झाले होते.

या दोन भाषा जुळविण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी केला. कॉन्स्टंट आणि मर्ली यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या शंभर गुणांच्या मापनात ४० गुण हालचालीस, २५ शक्तीस, १५ वेदनेस आणि २० दैनंदिन कामांस दिले आहेत. त्यातील एक तपशील भाषाभ्यासकाने लक्षात घेण्यासारखा आहे. हात पाठीमागे नेण्याची हालचाल तेथे अंशांत मोजीत नाहीत. पंजाची मागची बाजू मांडीच्या बाजूस, नितंबावर, माकडहाडाच्या वरच्या सांध्यापाशी, कंबरेपर्यंत, त्याहून वर किंवा दोन खवाट्यांच्या मध्ये पोहोचते, अशा सहा पायऱ्या धरतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' या तीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत तर बहुतेक प्रश्न कामांविषयीच आहेत. स्ट्रॅटफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याहून साधी पद्धत मांडली : रुग्णाने आपल्याला जड जाणारी कामे स्वतःच सांगावीत आणि प्रत्येकास शून्य ते दहा गुण द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणातही शरीराचे व्यापार, व्यक्तीची कृती आणि जीवनातील सहभाग असे तीन स्तर वेगळे केले आहेत. हात १२० अंश वर जाणे हा पहिला स्तर, फळ्यावर लिहिणे हा दुसरा, आणि वर्गात पुन्हा शिकविणे हा तिसरा.

३. 'उचलवत नाही' आणि 'उचलता येत नाही'

सामर्थ्य आणि असामर्थ्य सांगण्याची मराठीची साधने एकापेक्षा अधिक आहेत. 'मी हात उचलू शकत नाही', 'मला हात उचलता येत नाही', 'मला हात उचलवत नाही', 'माझा हात वर जात नाही' ही चारही वाक्ये एकाच रुग्णाच्या तोंडी येऊ शकतात. पहिल्यात कर्ता प्रथमेत आहे. दुसऱ्यात व तिसऱ्यात तो चतुर्थीत जातो. म्हणजे मनुष्य क्रियेचा स्वामी न राहता तिचा अनुभव घेणारा होतो. चौथ्यात हातच कर्ता बनतो आणि मनुष्य केवळ षष्ठीपुरता उरतो. दीर्घ दुखण्यात हे चौथे वाक्य फार ऐकू येते, याचे नवल नाही.

यांपैकी '-वणे' प्रत्ययाच्या रूपांस परंपरागत व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. 'मला बोलवत नाही', 'त्याला बसवत नाही' अशा प्रयोगांत शरीराची किंवा मनाची त्या क्षणीची सहनशक्ती व्यक्त होते, आणि ती बहुधा नकारार्थी असते. '-ता येणे' या रचनेत याउलट कौशल्य, सोय किंवा मार्ग मोकळा असणे हा अर्थ प्रधान असतो : पोहता येते, दार उघडता येते. म्हणून 'हात उचलवत नाही' असे म्हणणारा वेदनेकडे बोट दाखवीत असण्याचा, आणि 'हात उचलता येत नाही' असे म्हणणारा अडथळ्याकडे बोट दाखवीत असण्याचा संभव अधिक असतो. हा भेद प्रत्येक बोलणारा कसोशीने पाळतो असे मुळीच नाही. विशेषतः शहरी बोलण्यात 'शकणे' दोन्ही ठिकाणी सहज येते. यास्तव केवळ या रूपांवरून निदान करणे गैर ठरेल. परंतु पुढचा प्रश्न विचारण्यास त्यांचा निश्चित उपयोग आहे. "काकू, हात दुखतो म्हणून थांबता, की दुखत नसला तरी पुढे जातच नाही?" असा प्रश्न विचारला, म्हणजे शक्य क्रियापदामागचा अर्थ उलगडतो.

हा उलगडा महत्त्वाचा अशासाठी की विकाराच्या अवस्थांशी त्याचा संबंध आहे. प्रथम वेदनेची, मग ताठरपणाची आणि शेवटी सैल होत जाण्याची, अशा तीन अवस्था मानण्याची प्रथा आहे. रीव्हज यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात या सर्वांस मिळून सरासरी तीस महिने लागले होते. पहिल्या अवस्थेत वेदना प्रधान असते. तेव्हा हालचाल वाढविण्याचे उद्दिष्ट पुढे ठेवून जोराने ताणणे हितावह नसते. डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदनेच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के चोवीस महिन्यांच्या अखेरीस जवळजवळ पूर्ववत झाले होते. वेदनेच्या मर्यादेपलीकडे जाऊन जोराचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. अभ्यास लहान असल्याने त्यावरून सर्वत्र लागू पडणारा नियम काढता येणार नाही. परंतु 'उचलवत नाही' या अवस्थेतील रुग्णास 'उचललेच पाहिजे' हे उद्दिष्ट देण्यात धोका आहे, एवढे त्यावरून दिसते. या अवस्थेचे योग्य उद्दिष्टवाक्य झोपेविषयीचे असू शकेल : "येत्या चार आठवड्यांत, उशीचा आधार घेऊन, दुखण्याने जाग न येता सलग चार तास झोप लागावी." यात हात किती वर गेला याचा उल्लेखही नाही, आणि तरीही ते खांद्याचेच उद्दिष्ट आहे.

४. उद्दिष्टवाक्याची घटना

उद्दिष्ट कसे लिहावे याचे एक सूत्र व्यवस्थापनशास्त्रातून पुनर्वसनाच्या क्षेत्रात आले आहे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये 'स्मार्ट' या शब्दाच्या पाच अक्षरांवर उद्दिष्टाचे पाच गुण बसविले. आज त्यातील तिसऱ्या अक्षराचा अर्थ बहुधा 'साध्य होण्याजोगे' असा सांगतात. परंतु डोरन यांच्या मूळ मांडणीत ते अक्षर 'हे कोण करणार' याची नेमणूक दर्शवीत होते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर मूळ सूत्रात कर्त्यास जागा होती आणि प्रचारात ती गळाली. मराठी उद्दिष्टवाक्याची घटना पाहताना ही जागा परत भरणे इष्ट ठरते. अशा वाक्यास पाच अंगे असावीत.

पहिले अंग कर्ता. 'खांदा सुटावा' या वाक्यात रुग्णास करण्यासारखे काही नाही. 'मला पोलक्याचे मागचे हूक स्वतः लावता यावेत' या वाक्यात मनुष्य परत येतो, आणि 'स्वतः' या शब्दाने दुसऱ्याच्या मदतीची सीमाही ठरते.

दुसरे अंग क्रियापद. 'सुधारणा', 'आराम', 'ताकद' या नामांवर वाक्य उभे केले की ते तपासता येत नाही. क्रियापद डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीचे हवे : विंचरणे, खोचणे, काढणे, धरणे, लिहिणे, वाळत घालणे. 'बरे होणे' आणि 'बरे वाटणे' यांतही गल्लत होऊ नये. पहिले पूर्णत्वाचे क्रियापद आहे. ते आज खोटे तर उद्या खरे असते, अधेमध्ये काही नसते. दुसरे अनुभवाचे आहे आणि ते हवेप्रमाणे बदलते. दरम्यानच्या काळासाठी '-ऊ लागणे' ही रचना मराठीने दिलेली आहे : "हात कानापर्यंत जाऊ लागला." मंद प्रगतीची नोंद करण्यास हे रूप फार उपयोगी आहे.

तिसरे अंग मर्यादा. मराठीत ती शब्दयोगी अव्ययांनी सांगितली जाते : कंबरेपर्यंत, मानेमागे, डोक्यावर, खांद्याखाली. 'हात वर जातो' यातील 'वर' संदिग्ध आहे. 'हात कपाळापर्यंत जातो' हे संदिग्ध नाही. रुग्णाजवळ कोनमापक नसतो, पण कपाळ, कान, टाळू आणि मान ही मापनाची ठिकाणे प्रत्येकाजवळ असतात.

चौथे अंग परिस्थिती. रिकामा हात फळीपर्यंत नेणे आणि त्या फळीवरून दोन किलो साखरेचा डबा उतरविणे ही निरनिराळी कामे आहेत. बसमध्ये वरची दांडी धरणे यात गाडीचे हिसकेही धरावे लागतात. ओले लुगडे उंच दोरीवर टाकणे आणि कोरडा रुमाल टाकणे यांतही तोच भेद आहे.

पाचवे अंग काळ. 'लवकर' किंवा 'हळूहळू' हे शब्द काळ सांगत नाहीत. आठवड्यांची संख्या हवी, आणि ती उपचारकाने विकाराची अवस्था पाहून ठरवावयास हवी.

५. एका उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या

नेमके उद्दिष्ट लिहिले की दुसरी एक अडचण उभी राहते. ते साधले नाही तर रुग्ण सर्वच प्रयत्न निष्फळ समजतो. यावरचा एक उपाय किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये, मानसिक आरोग्यसेवेच्या संदर्भात, सुचविला आणि पुढे तो शारीरिक पुनर्वसनातही रूढ झाला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवतात. अपेक्षित पायरीस शून्य, अपेक्षेहून अधिक फलास +१ व +२, आणि उण्या फलास −१ व −२ असे अंक देतात. शून्य म्हणजे येथे अपयश नव्हे. जे ठरले ते झाले, असा त्याचा अर्थ होतो.

समजा, उजवा खांदा आखडलेल्या एका शिक्षिकेने फळ्यावर लिहिणे हे काम निवडले आहे, वेदनेची अवस्था ओसरली आहे, आणि उपचारकाच्या मते बारा आठवडे ही मुदत योग्य आहे. तेव्हा पायऱ्या पुढीलप्रमाणे लिहिता येतील :

−२ : उजव्या हाताने फळ्यावर लिहिता येत नाही, टेबलावर लिहिता येते.

−१ : छातीच्या उंचीवर, डाव्या हाताने कोपरास आधार देऊन, एक ओळ लिहिता येते.

० : खांद्याच्या उंचीवर, आधारावाचून, पाच ओळी लिहिता येतात, मध्ये हात खाली घ्यावा लागतो.

+१ : डोळ्यांच्या उंचीवर पाच ओळी न थांबता लिहिता येतात.

+२ : डोक्याच्या वर, फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहिण्यास प्रारंभ करता येतो.

प्रत्येक पायरीत कर्ता तोच, क्रियापद तेच आणि मुदतही तीच आहे. बदलतात ती केवळ मर्यादा आणि परिस्थिती. यामुळे पायऱ्या एकमेकींशी तोलता येतात. बाराव्या आठवड्यास शिक्षिका −१ वर असतील, तर 'काही फरक नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून सहसा निघणार नाही. कारण टेबलापासून छातीपर्यंतचा फरक लिहिलेला असेल. उलट त्या −२ वरच राहिल्या, तर तेही स्पष्ट दिसेल, आणि उपचाराची दिशा बदलावी काय, याचा विचार वेळेवर होईल. इंग्लंडादी देशांतील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइडच्या सुईसह भौतिकोपचार, भूल देऊन सांधा हलविणे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया या तीन मार्गांपैकी कोणताही एक वर्षाच्या अखेरीस इतरांहून निर्णायकपणे श्रेष्ठ ठरला नाही. मार्ग निवडताना रुग्णाच्या उद्दिष्टास महत्त्व येते ते यामुळेच.

६. न बोललेली कामे

उद्दिष्ट रुग्णाने सांगावे हे तत्त्व मान्य केले, तरी सर्वच कामे सांगितली जात नाहीत. हात पाठीमागे नेण्याची हालचाल ज्या कामांस लागते त्यांत स्नान, शौचशुद्धी आणि अंतर्वस्त्रे घालणे ही प्रमुख होत. अनोळखी व्यक्तीपुढे, त्यातही परपुरुषापुढे किंवा परस्त्रीपुढे, त्यांचा उच्चार मराठी समाजात संकोचाचा ठरतो. परिणामी वहीत 'डबा काढणे' लिहिले जाते आणि जे काम रोज सकाळी अडते ते वहीबाहेर राहते. घरातील कोणाच्या तरी मदतीवाचून ते होत नसेल, तर खांद्याच्या दुखण्याहून ते परावलंबनच अधिक बोचते. अशा वेळी उपचारकाने कामांची छापील यादी पुढे ठेवावी आणि बोलण्याऐवजी खूण करण्यास सांगावे, हा मार्ग सोयीचा आहे. 'पाठीमागचे काम', 'न्हाणीतले काम' असे सर्वसमावेशक शब्दही संकोच टाळून अर्थ पोहोचवितात.

परभाषेतील प्रश्नावल्या मराठीत आणताना हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. बीटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत स्वतंत्र अनुवाद, त्यांचे एकीकरण, मूळ भाषेत उलट अनुवाद, तज्ज्ञांची चर्चा आणि प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळणी अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. शब्द जुळला तरी काम जुळतेच असे नाही, हे या पद्धतीत गृहीत धरलेले आहे. साडी नेसणे, भाकरी थापणे, विहिरीचे पाणी शेंदणे, लोकलच्या गर्दीत कडी धरणे या कामांत खांद्याकडून जे मागितले जाते, ते परदेशी यादीतील कामांशी ताडून पाहावयास हवे. 'कितपत जमते' आणि 'कितपत जड जाते' या दोन प्रश्नांची उत्तरेही सारखी येतील असे गृहीत धरता येणार नाही.

या विषयात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस करण्याजोगे काम बरेच आहे. शक्य क्रियापदाचा प्रयोग वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी किनाऱ्यावरील बोली आणि पुण्या-मुंबईचे बोलणे यांत कसा भिन्न होतो. वेदना आणि अडथळा यांचा भेद कोणत्या रूपांनी केला जातो. शरीरावरील कोणती ठिकाणे मर्यादा सांगण्यासाठी घेतली जातात. यांची नोंद उपचारकेंद्रांतील संभाषणांवरून, रुग्णांच्या संमतीने, करता येईल. खांद्याची तपासणी आणि निदान हे वैद्यकाचेच काम आहे, आणि कोणत्याही व्याकरणाने ते होणार नाही. परंतु निदान झाल्यानंतर रुग्णास दोन वर्षे ज्या वाक्याच्या आधाराने व्यायाम करीत राहावयाचे असते, ते त्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याला रोज तपासता येईल असे लिहिले जाण्यास भाषेचा अभ्यास साहाय्य करू शकतो.